मामांची नळी

रोज पित्तात हात घालणाऱ्या बाईला किळस येत नाही, असं आमच्या विभागातल्या नर्स म्हणतात. साफ खोटं आहे. मला भरपूर किळस येते, फक्त ती इस्पितळात येत नाही. तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनळीचं तोंड गाठायचं, आतला गाळ ओढून काढायचा आणि गाठीनं जिथं वाट चेपली असेल तिथं धातूच्या जाळीची नळी बसवायची, हे माझं काम. गाळ हिरवा येतो, काळा येतो, कधी त्यात चपटे किडेही येतात. पण तो आजार आहे, आणि आजाराची मला घाण वाटत नाही. घाण वाटली ती माझ्या आजोळी, ‘ची’ नावाच्या नदीच्या काठी, मामांच्या अंगणात, सगळं गाव आनंदात असताना.

आमच्या ईसानात, म्हणजे बँकॉकपासून लांबच्या या ईशान्य मुलखात, नदीतला कच्चा मासा खातात. त्यातला किडा पित्तनळीत घर करतो आणि वर्षानुवर्षांनी तिथं कॅन्सर होतो. शाळेतल्या पोरांनाही हे पाठ आहे. पाठ म्हणून दाखवतात आणि घरी जाऊन खातात.

या गाठींवरच आमचा अभ्यास चालू आहे. नुसती नळी बसवायची, की आधी गाठीला आतून विजेच्या तारेनं शेक देऊन मग बसवायची? कुणाला काय मिळणार ते संगणक ठरवतो. नळीतून पित्त उतरलं, कावीळ निवळली, की रुग्णाच्या नावापुढे ‘यशस्वी’ असं पडतं. माणूस पुढे किती जगला याचा रकाना वेगळा. बँकॉकच्या परिषदेत मी पहिला रकाना दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या. दुसरा दाखवला तेव्हा लोक चहाला उठायला लागले होते.

बुनथानमामा आले ते हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळे होऊन. खाजवून खाजवून अंगावर रक्ताचे ओरखडे. गाठ यकृतात दोन्हीकडे पसरली होती, कापून काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. मामीनं मला जिन्यात गाठलं.

“पिकुन, मामांना एक अक्षर सांगायचं नाही. ऐकलं की हाय खाऊन मरतील.”

मामांचा मुलगा फनोम मागं हात जोडून उभा होता. “ताई, नळी तुंबलीय एवढंच सांग ना. बाकीचं मी सांभाळतो.”

आमच्याकडे घराघरात असंच चालतं. ज्याला मरायचं असतं तो सोडून सगळ्यांना माहीत असतं. अभ्यासाच्या संमतीपत्रातसुद्धा आम्ही ‘पित्तनळीतील अडथळा’ असंच लिहितो, नाहीतर नातेवाईक रुग्णाला उठवून घरी नेतात. मी मान डोलावली. मी सगळ्यांसाठीच डोलावते.

मामांच्या वाट्याला शेक आणि नळी दोन्ही आलं. थोड्याच दिवसांत डोळ्यांतला पिवळेपणा गेला, खाज गेली, भूक लागली. नावापुढे ‘यशस्वी’ पडलं आणि मामा घरी गेले.

माझा जीव अडकला होता फनोममध्ये. त्याच्या सोनोग्राफीत पित्तनळ्यांच्या भिंती जाड दिसत होत्या. गाठ नव्हती, पण वाट तिकडचीच होती. मी त्याला जंताची गोळी दिली आणि घसा फोडून दम भरला. माझ्या दमानं तो बधला नसता. बापाचं पिवळं अंग बघून तो घाबरला आणि त्यानं कच्च्या माशाला हात लावणं सोडलं. त्या घरात ज्याला वाचवता येईल असा तो एकच होता, आणि त्याला वाचवत होती ती फक्त ही भीती.

मग मामांचा निरोप आला. आजारातून उठले म्हणून जीव परत बोलावण्याचा विधी करायचा, गावजेवण घालायचं, आणि मानाची पाहुणी मी.

मी गेले. म्हाताऱ्यांनी मंत्र म्हणून मामांच्या मनगटाला पांढरे दोरे बांधले. मामांनी माझ्याही मनगटाला एक बांधला. “हिच्या हाताला यश आहे,” म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या, मामीनं डोळे पुसले, आणि मी तो दोरा तसाच राहू दिला.

मग ताट आलं.

‘कोय’ म्हणतात त्याला. सकाळी नदीतून काढलेला मासा, बारीक कुटलेला, लिंबू पिळलेला, भाजलेल्या तांदळाची पूड आणि तांबड्या मुंग्या घातलेला. शिजवलेलं काही नाही. माशा घोंघावत होत्या. शेजारच्या सुवतकाकांनी दारूच्या जुन्या बाटलीतून त्यावर हिरवं पाणी ओतलं. बैलाचं पित्त. कडू चव यावी म्हणून घालतात. जे मी दिवसभर माणसांच्या पोटातून उपसते, ते इथं वरून चवीला घेतात.

“मामा, हे काय आहे?”

“तुझ्यासाठीच केलंय, पोरी!”

“तुम्ही हे खाऊन आजारी पडलात ना?”

“पडलो. आणि तू बरं केलंस की!” मामांनी पोटावर थाप मारली. “आता धातूची नळी आहे इथं. किडा शिरला तरी सरळ खाली घसरतो. अडकायला जागाच नाही.”

“खरंय,” सुवतकाका म्हणाले. “पिकुनबाई, आम्हालाही आधीच एकेक बसवून टाका बघू. म्हणजे खायला मोकळे.”

“रांग लावा रे! आधी माझा नंबर!” मागून कुणीतरी ओरडलं, आणि अख्खं अंगण हसलं.

“हसता काय? हिनं बँकॉकला माझा फोटो दाखवला. यशस्वी म्हणून!” मामा म्हणाले. ते मीच हौसेनं त्यांना सांगितलं होतं. आता तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना मला त्या ताटापेक्षा त्याचीच जास्त किळस आली. एवढा अभ्यास, एवढी यंत्रं, आणि मी या गावाला काय दिलं? कच्चा मासा खायचा परवाना.

मामांनी चिकट भाताचा मुटका केला, कोयमध्ये दाबून भरला आणि फनोमपुढे धरला.

“घे. लई दिवस उपास केलास माझ्यापायी.”

“नको बाबा. पोट बरं नाही.”

“पोटाला काय धाड भरलीय? घाबरतोस होय? माझ्याकडे बघ, ठणठणीत आहे की नाही?”

फनोम माझ्याकडे बघायला लागला. त्याला सगळं ठाऊक होतं. ही नळी म्हणजे औषध नव्हे, बाप काही महिन्यांचा सोबती आहे, आपल्याही पोटात सुरुवात झालीय, सगळं. पण नको म्हटलं तर बाप विचारणार, का नको? मी बरा झालोय ना? या प्रश्नाचं उत्तर एकच होतं, आणि तेच सांगायचं नव्हतं. मामी मागून डोळ्यांनी खुणावत होती, घे, घे म्हणून. पोटच्या पोराला! नवऱ्यापासून लपवलेलं उघडं पडू नये म्हणून!

त्यानं तोंड उघडलं. मामांनी घास भरवला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“मामा, तुम्ही बरे झालेले नाहीत.”

“पिकुन!” मामी किंचाळली.

“तुम्हाला कॅन्सर आहे. नळीनं फक्त पित्त उतरतंय. गाठ तिथंच आहे आणि वाढतेय. हेच खाऊन झालीय ती. आणि फनोमच्या नळ्याही खराब व्हायला लागल्यात.”

“जीभ झडो तुझी!” मामी माझ्या अंगावर धावली. सुवतकाकांनी तिला धरलं.

मामांनी मनगटावरचे दोरे बोटानं चाचपले. “भाताची कापणी बघीन का मी?”

“बहुतेक नाही.”

“सगळ्यांना माहीत होतं?”

मामांनी फनोमकडे पाहिलं. त्याचा गाल अजून फुगलेला होता. घास तोंडातच होता, तो चावत नव्हता आणि गिळतही नव्हता. डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

“थुंक,” मामा म्हणाले.

त्यानं मान हलवली.

“थुंक म्हणतो ना! थुंक इथं!” त्यांनी त्याच्या हनुवटीखाली ओंजळ धरली.

फनोम थुंकला. भात, मासा, लाळ, मुंग्यांचे पाय, सगळं मामांच्या ओंजळीत पडलं. त्यांनी ते केळीच्या पानात गुंडाळून बाजूला ठेवलं, हात लुंगीला पुसले आणि ताट आपल्याकडे ओढलं.

“सुवत, हात मागं घे,” ते म्हणाले. “आता हे माझ्या एकट्याचं.”

आणि मामा खायला लागले. घाई न करता, बोटं चाटत, कडू पित्तासकट. मला बघवेना, तरी मी शेवटपर्यंत बघत बसले. त्या अंगणात ताटाकडे दुसऱ्या कुणाचा हात गेला नाही.