त्रयोदशीचे प्रस्थान

“माझा अडकित्ता कुठंय?” जेवण झाल्यावर पानाचा डबा चाचपत मार्तंडरावांनी विचारले.

“निघाला,” अंबिकाबाई म्हणाल्या.

“कुठं?”

“टोरांटोला. सध्या समोर आप्पासाहेबांकडे मुक्काम आहे.”

मार्तंडरावांचा हात डब्यातच राहिला.

नगरमधल्या सावेडीतल्या त्या फ्लॅटमध्ये कित्येक वर्षे हा विषय निघे आणि तिथेच बसे. लेक अपूर्वाने फोनवर ‘तिकीट काढू का’ विचारायचे आणि मार्तंडरावांनी पंचांग उघडायचे. अंतर साडेबारा हजार किलोमीटर; मधला थांबा धरून बावीस तास. इतका वेळ सलग शुभ असलेला दिवस त्यांच्या पंचांगात कधी छापलाच गेला नव्हता. खरे तर त्यांना विमानाची भीती वाटे. पण कारकुनीत हयात गेलेल्या माणसाने ‘भीती’ असे कारण कसे द्यावे? अंबिकाबाई लेकीचे घर मोबाईलच्या काचेतून बघत राहिल्या. कधी ओट्याचा कोपरा, कधी नुसतेच छत.

यंदा अपूर्वाने न विचारताच तिकिटे पाठवली. दिवस नेमका अमावास्येचा. मार्तंडरावांचा चेहरा इतका उजळला, की अंबिकाबाईंनी त्याच क्षणी पंचांग आपल्याकडे ओढले.

आज त्रयोदशी, प्रवासाला उत्तम. सकाळी ते अंघोळीला गेल्यावर बाईंनी त्यांचे उपरणे, सुपारी, अक्षता आणि अडकित्ता फडक्यात बांधून प्रस्थान ठेवले. चांगल्या दिवशी गाठोडे दुसऱ्याच्या घरी पोचले, की प्रवास सुरू झाला. माणूस मागाहून केव्हाही निघो. मात्र ते गाठोडे पुन्हा घरी आणायचे नाही.

“मला न विचारता?”

“सासूबाई काशीला निघाल्या तेव्हा तुम्हीच ठेवलं होतंत. माघारी आणू नये, हेही तुम्हीच सांगितलंत.”

दारातून आप्पासाहेब गरजले, “मार्तंडराव, गाठुडं देवापाशी ठिवलंय! मागायला आलात तर देनार न्हाई. वैनींनी बजावलंय.”

मार्तंडरावांनी पानाचा डबा मिटून बाजूला सारला. मग मार्तंडराव हळूच म्हणाले, “अगं, पण पडलं तर विमान?”

अंबिकाबाई त्यांच्या शेजारी बसल्या. “मी असेन ना जवळ. खिडकी मात्र माझी.”

विमान उडाले तेव्हा मार्तंडरावांनी डोळे गच्च मिटून बायकोचा हात धरला. समुद्र लागला तरी तो सुटेना. पलीकडच्या तरुणाने सहानुभूतीने विचारले, “पहिल्यांदाच का, काका? बावीस तास जड जातात हो.”

“तुमचे बावीस तास,” मार्तंडराव डोळे न उघडता म्हणाले. “आमचा प्रवासाचा आज तिसरा दिवस आहे.”

टोरांटोत घरापाशी पोचल्यावर अपूर्वाने किल्ली काढली.

“थांब गं,” अंबिकाबाई म्हणाल्या. त्यांनी पदर सारखा केला, दोन पावले पुढे झाल्या आणि स्वतः बेल दाबली.

आतून नात अनन्याचा आवाज आला, “कोण आहे?”

“मी,” अंबिकाबाई म्हणाल्या. “नगरहून आलेय.”