मोहाखालच्या मच्छरदाण्या

प्रेरणा आरोग्यसेविका आणि तिचा नवरा रजत वनरक्षक. लग्न जुळलं तेव्हा पांढरकवड्याच्या दोन्ही घरांना वाटलं, दोघंही सरकारी नोकरीत, दोघांचीही नेमणूक झरी जामणीच्या रानात, आता कसली चिंता! पण दोघांच्या वाट्याला एकच गाव आलं. बोरदरा नावाचं कोलामांचं पोड, डोंगराच्या कुशीतली थोडीशी घरं, भोवती साग आणि मोह. रजतला त्या गावापासून जंगल वाचवायचं होतं आणि प्रेरणाला जंगलातल्या मच्छरांपासून गाव.

पावसाळ्याआधी औषध मारलेल्या मच्छरदाण्या आल्या. प्रेरणानं त्या घरोघरी वाटल्या, खाटेवर बांधून दाखवल्या. पुढच्या फेरीला गेली तर एकही दिसेना. तिनं भीमबाई टेकामला विचारलं. भीमबाई पोडातली जाणती बाई, तिनं केलं की बाकीचे करत.

"मच्छरदाणी कुठं गेली, भीमबाई?"

"पेटीत ठेवली न, बाई. नवीन वस्तू हाये."

"पेटीतल्या कपड्यांना मच्छर चावते का?"

"तिच्यात झोपलं का जीव घाबरते. जाळ्यातल्या मासोळीसारखं वाटते."

प्रेरणा पुन्हा समजावून निघाली. पुढच्या फेरीला समजावलं, त्याच्या पुढच्याही. भीमबाई दर वेळी मान हलवायची, चहा पाजायची आणि पेटीचं झाकण लावायची.

रजतचं दुखणं मार्चमधलं. तेव्हा मोह गळतो. पाचोळ्यात फुलं सापडत नाहीत म्हणून लोक झाडाखाली काडी लावत. जमीन साफ व्हायची आणि कधीकधी तीच आग डोंगर चढायची. रजतनं सभा घेतल्या, हात जोडले, गुन्हा दाखल करायची धमकी दिली. आग लागायची ती लागायचीच. मग एका मार्चमध्ये बोरदऱ्याच्या बाजूनं धूर निघेनासा झाला. काय झालं ते पाहायला तो पहाटे रानात गेला. प्रत्येक मोहाखाली चार खुंट्या आणि त्यांना ताणून बांधलेली पांढरीशुभ्र जाळी. जाळीवर टपटप फुलं पडत होती. भीमबाई शेजारी पाय पसरून निवांत बसली होती.

"वाकावं लागत नाही, साहेब. कंबर दुखत नाही. अन् फुलाले मातीही लागत नाही."

रजतला आनंदानं काय करू अन् काय नको असं झालं. त्यानं फोटो काढले, रेंजर साहेबांना पाठवले. संध्याकाळी घरी येऊन बायकोलाही दाखवले.

"पाह्य, लोकांनी आपल्या मनानं जाळ्या आणल्या! याले म्हन्तात जनजागृती."

प्रेरणानं फोटो मोठा करून पाहिला. "ह्या माझ्या मच्छरदाण्या हायेत."

"तुझ्या कशा? गावाच्या हायेत."

"झोपायले दिल्या होत्या!"

"मग? भीमबाई बसलीच होती न बाजूले."

त्या रात्री तिनं त्याला ताट आपटून वाढलं. सकाळी राग उतरल्यावर तिला त्यातला अर्थही दिसला. मोह उन्हाळ्यात, ताप पावसाळ्यात. एकाच जाळीनं दोन्ही कामं का करू नयेत? औषधाची जाळी खायच्या फुलांखाली ही तेवढी तिला धास्ती होती, पण वास येतो म्हणून बायकांनी त्या आधीच ओढ्यावर आपटून आपटून धुतल्या होत्या. जाळ्यांना नव्यानं औषध लावून मिळालं तर पावसाळा निभावला असता. ती तालुक्याच्या डॉक्टर साहेबांकडे गेली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, झाडाला मलेरिया होत नाही," ते म्हणाले. "जाळी हवी असेल तर वनखात्यानं त्यांची आणावी."

रजतनं तेच रेंजर साहेबांना विचारलं. ते म्हणाले, जाळी आरोग्य खात्याची आहे, आपण कशी हात लावणार?

मात्र आग लागली नाही ही गोष्ट वरपर्यंत पोचली होती. रजतला बढती मिळाली आणि दूरच्या प्रशिक्षण केंद्रात गावागावांच्या लोकांना मोहजाळीचं महत्त्व शिकवायचं काम मिळालं. त्याच्या जागी हरिसिंग आला. तरुण, इमानदार, कायदा तोंडपाठ. मोहाचा हंगाम अजून संपला नव्हता. पहिल्याच फेरीत त्याला रानात जागोजाग जाळी ताणलेली दिसली. मोहजाळीचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं; जंगलात जाळी म्हणजे शिकार. त्यानं पंचनामा करून सगळ्या जाळ्या जप्त केल्या.

"हिच्यात हरीण कसं अडकन, साहेब?" भीमबाईनं विचारलं.

"ससा अडकते."

"इथं ससा नाही येत. अस्वल येते मोह खायले. ते फाडून टाकते."

अस्वलाचं नाव निघताच हरिसिंगनं पंचनाम्यात आणखी एक ओळ वाढवली.

पाऊस सुरू झाला आणि तापही. भीमबाईची नात थंडीनं थडथड कापत होती. रक्त तपासलं, मलेरिया निघाला. प्रेरणानं गोळ्या दिल्या, रोज जाऊन पाहिलं, पोरगी बरी झाली. त्या दिवशी भीमबाई पहिल्यांदा स्वतःहून म्हणाली, "बाई, ते मच्छरदाणी भेटन का वापस?"

इतकी वर्षं ऐकायचं होतं ते वाक्य! प्रेरणा तडक वनखात्याच्या नाक्यावर गेली. ओसरीत ओळीनं खाटा होत्या. प्रत्येक खाटेवर मच्छरदाणी, चारी कोपरे बांधलेले, कडा गादीखाली नीट खोचलेल्या. ती शिकवायची अगदी तशाच.

हरिसिंग लगबगीनं उठला. "बसा, ताई."

"हा मुद्देमाल हाये न? मग असा वापरता?"

"वापरला नाही, पसरून ठेवला. गठ्ठ्यात उंदीर कुरतडतात." तो जरा ओशाळला. "पण खरं सांगू का, यंदा नाक्यावर कोणालेच ताप नाही. लोकं असं काहून वापरत नाहीत, समजत नाही."

प्रेरणाला रडावं की हसावं कळेना. तिनं जाळ्या परत मागितल्या. तो म्हणाला, केस निकाली निघेपर्यंत देता येत नाहीत, आणि हे सांगताना त्याला मनापासून वाईट वाटत होतं. तिनं रजतला फोन लावला. तो म्हणाला, "अर्ज कर. आता ठेवतो, माझं भाषण हाये. मोहजाळीवरच."

पुढच्या आठवड्यात डॉक्टर साहेब पाहणीला आले. पोडाकडे चिखल होता म्हणून गाडी नाक्यावरच थांबली. ओसरी पाहून ते खूश झाले. त्यांनी फोटो काढले आणि अहवालात मच्छरदाण्यांचा वापर समाधानकारक म्हणून तेच लावले.

मार्च आला. जाळ्या नव्हत्या, मोह होता. लोकांनी काडी लावली. वारं सुटलं आणि आग थेट डोंगरावर गेली. हरिसिंग एकटाच हिरवी फांदी घेऊन ती झोडपत राहिला. शेवटी बोरदऱ्याचे लोकच धावले तेव्हा आटोक्यात आली. दुसऱ्या दिवशी तो प्रेरणाच्या उपकेंद्रात आला तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजलेला होता. प्रेरणा मलम लावत होती. तो म्हणाला,

"ताई, तुमच्याकडे आणखी मच्छरदाण्या भेटतील का?"

"कायले? नाक्यावर कमी पडल्या?"

"नाही." त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. "मोहाखाली टाकायच्या होत्या."

प्रेरणानं पट्टीची गाठ जरा जास्तच आवळली. तो कळवळला.

"नवीन नाहीत," ती म्हणाली. "जुन्या तुमच्याच खाटेवर हायेत."

दुपारी हरिसिंग मोटारसायकलवर गठ्ठा बांधून पोडात गेला. एका हातानं त्याला खुंट्या ठोकता येईनात, म्हणून भीमबाईनं ठोकल्या. मुद्देमाल आहे, जपून वापरा, असं तो प्रत्येक झाडाखाली सांगत फिरला.