नव्या नळीची बंदूक

महायुद्ध संपलं. नॉर्वे बळकावून बसलेले जर्मन हरून गेले, पण त्यांच्या बंदुका तिथंच राहिल्या. फुकटची वस्तू कोण टाकून देतो? इथली माणसं तर वाकडा खिळाही ठोकून सरळ करतात. पुढे अमेरिकेहून काडतुसं आली, ती या बंदुकांत बसेनात. म्हणून नदीकाठच्या कारखान्यात जुन्या नळ्या काढून नव्या बसवायचं काम निघालं, आणि ते तोर्लाइफच्या वाट्याला आलं.

तोर्लाइफचा हात पक्का होता. पण बंदूक वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळली, की त्याला आपला थोरला मुलगा आठवे. त्याला, स्टाइनारला, जर्मनांनी रानात उभं करून मारलं होतं ते असल्याच बंदुकांनी. घरी बायकोला तो एवढंच सांगे, "लेथ मशीनवर असतो." बोर्गहिलला कळलं तर ती कोसळेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. खरं तर कोसळायची भीती त्याची त्यालाच होती.

मग धाकटा ऑइविन होमगार्डमध्ये गेला. होमगार्डाची बंदूक त्याच्या घरीच असते. रशियन चालून आले तर ती हाताशी हवी. रविवारी ऐन जेवणाच्या वेळी तो ती खांद्याला अडकवून दारात उभा राहिला.

तोर्लाइफ टेबलाशी बसला होता, बोर्गहिल उकडलेले बटाटे सोलत होती. बंदुकीच्या पोलादावरचा जर्मन गरुडाचा छाप तिला तिथूनच दिसला. गरुड खरवडण्यात वेळ घालवू नका, असा कारखान्याचा हुकूम होता.

"बाहेर ठेव ती."

"आई, सरकारी आहे. घरातच ठेवावी लागते."

"मग जेवायलाही सरकारच्याच घरी जा. इथं एक तर ती राहील, नाही तर मी."

"अगं, नळी कोरी आहे," तोर्लाइफच्या तोंडून निघून गेलं. "आम्हीच बसवलीय. गोळीसुद्धा आता वेगळी लागते. ती जुनी बंदूक राहिलीच नाही."

बोर्गहिलनं सुरी खाली ठेवली. "म्हणजे लेथवर हे चालतं होय तुझं? आणि मला खुळी समजून बसलास!"

ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"आता एकच विचारते, खरं सांग. स्टाइनारला मारणारी हीच असेल का रे?"

'छे' म्हणणं सोपं होतं. एवढ्या बंदुकांतून नेमकी तीच कशाला इथं येईल? पण पुन्हा खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं.

"असू शकेल," तो म्हणाला. "प्रत्येक बंदूक हातात घेतली की मला तेच वाटतं, बोर्गहिल." आणि पोराच्या देखत तो ढसाढसा रडला.

तिनं त्याला रडू दिलं. मग पदर नसलेल्या बाईनं करावं तसं एप्रनला हात पुसले आणि ऑइविनच्या खांद्यावरून बंदूक उतरवून घेतली.

"राहू दे इथंच. दुसरीकडे गेली तर हिनं काय केलं असेल, याचा विचार तरी कोण करणार? पण गोळी उडते ती कशानं, ते काढून दे मला."

तोर्लाइफनं मुकाट्यानं मागचा दांडा, बोल्ट म्हणतात तो, ओढून काढला. तिनं तो फडक्यात गुंडाळून एप्रनच्या खिशात टाकला.

"हे काय गं, आई! आणि उद्या रशियन आले तर?"

"तर हा दांडा माझ्याकडे मागायचा. कुणाच्या पोरावर गोळी झाडणार आहेस, ते आधी मला सांगायचं."