अनसूयेच्या नावावर न वाजलेली झांज

या गं पोरींनो, या रे पोरांनो, असे लांब उभे राहू नका. या कोनाड्यापाशी सरकून बसा. तुम्हाला एक गोष्ट सांगते. ती फार गोड नाही, पण ती सांगितल्यावाचून माझा राग शांत होणार नाही.

मी एक जुनी झांज आहे. मित्रांनो, झांजा नेहमी जोडीने असतात. मी एकटी आहे. एकटी झांज वाजत नाही, नुसती पडून राहते. माझी जुळी बहीण कुठे गेली, तेच आज ऐका.

आम्हा दोघींना मिरजेच्या एका कासाराने ओतले. त्याने आम्हाला एकाच दोरीत ओवले आणि आम्ही सांगलीच्या या राममंदिरात आलो. इथे तात्याबुवांचे कीर्तन असे. काय तो गळा, काय ते निरूपण! पूर्वरंग संपून बुवांच्या कपाळी बुक्का लागला की सभामंडपातले शेवटच्या रांगेतले म्हातारेसुद्धा पुढे सरकत. आम्हाला वाजवत नाथाजी. ते पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, मोठ्या मिशांचे, बोलायला रोखठोक. ते दिवस आठवले की अजून माझे काशाचे अंग ऊबदार होते.

मराठी नाटकाची शंभरी सांगलीने थाटात साजरी केली, त्याच्या दुसऱ्या वर्षी नाटकाचाही नाद असलेल्या बुवांच्या मनात आले, की जुनीच नाटके किती दिवस करायची? नवे लिहिणारे घडवायला हवेत. त्यांनी दर रविवारी दुपारी इथेच वर्ग सुरू केला. वडूज, फलटण, मिरज, कुठून कुठून नवखे लेखक येत. दुसऱ्या महायुद्धाच्या त्या दिवसांत कागद मिळेना, म्हणून कोणी लग्नपत्रिकांच्या पाठीवर प्रवेश लिहून आणी. मिरजेच्या एका मुलाने चाळीस पात्रांचे राजाचे नाटक आणले, तेव्हा नाथाजी म्हणाले, "गड्या, ही समदी पलटण रंगमंचावर मावंल व्हय? अन् जेवाय कुठं घालशील?" सगळा वर्ग हसला. मुलगाही हसला आणि पुढच्या रविवारी सहाच पात्रे घेऊन आला.

बुवांचे दोन नियम होते. पहिला, आपले नाटक आपण वाचायचे नाही. वाचणार दुसरा, आणि लिहिणाऱ्याने पाठमोरे बसून ऐकायचे. बुवा म्हणत, "स्वतःच्या आवाजात खोट लपते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं, की टोचते." दुसरा नियम कीर्तनातून आलेला. अभंगाच्या शेवटच्या चरणात संत आपले नाव गुंफतात. त्याशिवाय अभंग पुरा होत नाही. तसेच नाटक संपले, की वाचणाऱ्याने लिहिणाऱ्याचे नाव मोठ्याने घ्यायचे आणि त्या नावावर आम्ही वाजायचो. इतर वेळी आम्ही गप्प. नवख्या लेखकाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उजळत असे, ते पाहायला मी आठवडाभर वाट पाहायची.

या वर्गात वडूजची अनसूया येऊ लागली. चौथी शिकलेली, नवरा फौजेत. गावातल्या शिपायांच्या बायकांना आलेली पत्रे तीच वाचून दाखवी. त्यावरच तिने नाटक लिहिले, 'टपालाचा दिवस'. एका बाईच्या नवऱ्याच्या मरणाची तार येते. पत्रे वाचणारीला ते सांगवत नाही. म्हणून ती दर टपालाला त्या बाईला मनानेच रचलेली पत्रे वाचून दाखवत राहते.

पहिला खर्डा पुस्तकी होता. बुवा म्हणाले, "अनसूये, तुझ्या गावात 'हे प्राणनाथ' असं कोण म्हणतं गं?"

"कोन न्हाई जी. नाटकात म्हनत्यात ना?"

"तुझ्या नाटकात नको. घरी जा, कान उघडे ठेव."

तिने तीन महिन्यांत ते चार वेळा लिहिले. मित्रांनो, हे मी बुवांच्या बाजूनेही सांगते. तिला तिची वाणी त्यांनीच दिली. म्हणूनच पुढचे मला सोसत नाही.

एका रविवारी एका नाटक कंपनीचे मॅनेजर ऐकायला येणार होते. आवडले तर ते नाटक उभे करणार होते. 'टपालाचा दिवस' वाचायला वर्गातलेच फलटणचे लालासाहेब होते. त्यांचा आवाज भरदार, अंगावर परीटघडीचा कोट. मॅनेजर आधीच बुवांच्या कानाशी लागले होते. "बाईचं नाटक, तेही वडूजच्या? लोक थेटरात फिरकणार नाहीत. नाव दुसरं घाला." मी बुवांच्या मांडीजवळच होते. मी ऐकले. बुवांनी लालासाहेबांकडे पाहून मान डोलावली.

वाचन झाले. खांबामागे बसलेल्या बायका पदराने डोळे टिपत होत्या. अनसूया पाठमोरी, ताठ बसली होती. शेवटचे वाक्य आले. लालासाहेब खाकरले आणि म्हणाले, "लेखक, लालासाहेब, फलटण."

अनसूया गर्रकन वळली.

"नाथाजी, झांज," बुवा म्हणाले.

"न्हाई वाजायची, बुवा."

"नाथाजी!"

"मोप ठिकाणी बंदूक चालवलीय मी. पर खोट्या नावावर झांज न्हाई वाजवायचा."

तेव्हा बुवांनी आम्हाला उचलले आणि स्वतः वाजवले. मित्रांनो, त्या आवाजाची मला अजून शिसारी येते.

अनसूया पुढे आली. "आवं बुवा, ह्ये काय केलंत?"

"पोरी, नाटक तर रंगमंचावर येतंय ना? नावात काय ठेवलंय? अहंकार सोड. सगळं कर्तृत्व देवाचं."

"मग देवाचं नाव घ्यायचं हुतं. लालासाहेबांचं कशाला घेतलं?"

अहंकार सोडायला तिलाच का सांगितले? लालासाहेबांना का नाही? ज्या देवाच्या नावाने आम्ही जन्मभर वाजलो, त्याच्या आडून ही चोरी झाली!

अनसूयेने वाकून आमची दोरी सोडवली आणि माझ्या बहिणीला पदरात बांधले. "माज्या नावावर वाजवायची असंल तवा सांगावा धाडा. जोडी घिऊन यीन." आणि ती मिरजेच्या गाडीची वाट न पाहता चालत निघाली. नाथाजी तिच्या मागोमाग मिरजेच्या स्टेशनपर्यंत गेले. पुन्हा ते वर्गाला आले नाहीत.

नाटक खूप चालले. भिंतींवर लालासाहेबांचे नाव लागले. हारही त्यांच्याच गळ्यात पडले. वर्षभराने बुवा एकदा वडूजला जाऊन आले. माझ्या बहिणीवाचूनच परतले आणि मला हातात घेऊन म्हणाले, "आधी नाव घ्या म्हणते." पुढच्या एकादशीला कीर्तनात त्यांनी तिचे नाव घ्यायला तोंड उघडले. समोर पहिल्या रांगेत लालासाहेब बसले होते. बुवांनी अभंगच बदलला. पुढे ते देवाघरी गेले. मला मात्र या कोनाड्यात ठेवून दिले. माझ्यावर धूळ बसते, पोरे मला उचलून हलवतात आणि म्हणतात, "ही फुटकी दिसते."

मी फुटकी नाही. मला पुसू नका, चिंचेने घासूही नका, पण एवढे करा. कोणाचे काही वाचलेत, गायलेत, तर शेवटी लिहिणाऱ्याचे नाव घ्या. आणि सांगावा धाडणारे कोणी उरले नाही, म्हणून तुम्हीच आज घरी जाताना एकदा मोठ्याने म्हणा. 'टपालाचा दिवस' अनसूयेने लिहिले. वडूजच्या अनसूयेने. तिला विसरू नका.