वामांच्या दलदलीची शपथ

लोक किनवाराला संत म्हणू लागले ते पुढे. त्या दिवशी ती नुसती चिडलेली आत्या होती.

तिच्या भाच्याने, तरुण राजा हेअर्डविनने, ती चालवत असलेल्या मठाची दलदल हिसकावली होती. दलदल म्हणजे वाम मासे, आणि वाम नसले तर साठ साध्वींनी हिवाळा काढायचा कशावर? मठ बंदच करावा लागला असता. राजा म्हणे, बापाने ती उसनी दिली होती. किनवारा म्हणे, उसनी कसली? भावाने तिथलं गवताचं ढेकूळ सुरीने कापून आपल्या हाताने वेदीवर ठेवलं, तिथेच दान झालं. शेवटी पंचांनी रीतीप्रमाणे सांगितलं: सहा सरदार तिच्या बाजूने शपथेला उभे राहिले, तर दलदल मठाची. एका सरदाराऐवजी सहा शेतकरी किंवा कोळी चालतील. मुदत सूर्य डोक्यावर येईपर्यंत.

सरदार कसले येतायत! ज्यांच्या बायकांची बाळंतपणं मठाने काढली, तेही राजामागे माना खाली घालून उभे. किनवाराचा नुसता जळफळाट झाला.

मग वाम पकडणारे कोळी आले, गुडघाभर चिखलाने माखलेले. राजा घरं जाळेल, असं तिने त्यांना बजावलं. ते म्हणाले, घरं गवताची आहेत, पुन्हा बांधू. एकेकाने धर्मग्रंथावर हात ठेवला. तीस जण झाले, म्हणजे पाच सरदारांची भरपाई. सहावा कुठून आणायचा?

"आत्या, माणसं संपली वाटतं," राजा गोड आवाजात म्हणाला. "आता काय, वामांना शपथेला उभं करणार?"

सरदार खो खो हसले. सूर्य डोक्यावर आलाच होता.

तेवढ्यात राजाच्या बाकावरून त्याची आई उठली, राणी विल्सविथ. नवरा गेल्यापासून ती मुलाच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. नणंद-भावजयींचं तर कधी पटलंच नव्हतं. किनवाराला वाटलं, ही आता उरलीसुरली लाज काढणार.

राणीने सरळ जाऊन ग्रंथावर हात ठेवला. "ढेकूळ वेदीवर ठेवलं तेव्हा मी तिथे होते. दलदल मठाची आहे, देवाशपथ." मग मुलाकडे वळून म्हणाली, "तूही होतास, बाळा. माझ्या कडेवर. झोपला होतास, म्हणून सोडते तुला."

हेअर्डविनचं तोंड बघण्यासारखं झालं. राणीची शपथ सरदाराच्या तोडीची धरून पंचांनी दलदल मठाला दिली, कोळ्यांनी टोप्या उडवल्या, आणि साध्वी व्हायला केस उतरवून राजवाडा सोडतानाही न रडलेली किनवारा सगळ्यांदेखत ढसाढसा रडली.

राणी मात्र राजाच्या बाकाकडे परतली नाही. ती साध्वींच्या रांगेत नणंदेजवळ येऊन उभी राहिली.

"सरका जरा, वन्सं," ती म्हणाली. "आणि संध्याकाळी कात्री काढून ठेवा. हे केस आता उतरवायचेत."