श्वेतबटूला सोबती नाही

"सोबती तारा आहे असं लिहून टाक आणि मोकळी हो," माझे गाइड धनंजय सर म्हणाले. पीएचडीच्या इतक्या वर्षांत मला एवढा संताप कधी आला नव्हता.

विषय माझ्या ताऱ्याचा होता. श्वेतबटू, म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्याचा उरलेला निखारा. त्यानं गुपचूप निवत जावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते. हा मात्र त्याच्या तापमानाला न शोभणारे जोरकस क्ष-किरण फेकतो, वर अवरक्त प्रकाशही जास्तीचा. का, ते कुणालाच माहीत नाही. असा तारा समोर आला की शेजारी एखादा मंद तारा लपलाय असं लिहायचं आणि पुढे जायचं, अशी आमच्यात पद्धतच पडली आहे. मी तो शेजारी शोधला. असता तर त्याच्या ओढीनं माझा तारा थोडा तरी डोलला असता. हा पठ्ठ्या ढिम्म हलला नाही.

सर मूळचे नागपूरचे. लखनौत आल्यावर जानकीपुरमची खोली मला त्यांनीच मिळवून दिली, दिवाळीला काकूंच्या हातचे अनारसे त्यांच्याच घरी खाल्ले. त्यामुळे नाही म्हणणं जड जात होतं. त्यात प्रबंधावर सही त्यांची लागते. प्रबंध देण्याआधीच्या शेवटच्या सेमिनारला जाण्यापूर्वी चहा पिताना ते पुन्हा म्हणाले, "प्रणिता, आपल्या माणसाचं ऐक." मी ऐकलं नाही. त्यांच्या आग्रहाखातर घातलेली सोबती ताऱ्याची स्लाइड तिथल्या तिथे काढून टाकली.

बाहेरून आलेल्या परीक्षक विभा मॅडमनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "तो फिर ये एक्स-रे आ कहाँ से रहे हैं?"

"नहीं मालूम, मैम. जो-जो वजह सूझी, सब जाँची. एक भी नहीं टिकी."

मागे कुणीतरी हसलं. माझे कान तापले. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू, पण आवाज कापला नाही याचा मला अजून अभिमान आहे. सर उठले आणि सगळ्यांसमोर मराठीत म्हणाले, "माहीत नाही म्हणणाऱ्याला पदवी मिळत नाही. मी सही करणार नाही."

"नका करू, सर. न दिसलेला तारा दिसला म्हणून मिळणारी पदवी मला नकोच."

विभा मॅडमना मराठी कळत नव्हती. म्हणून मी माइक जवळ ओढला आणि सरांचं नि माझं सगळं बोलणं पुन्हा हिंदीत सांगितलं.