वाटणीतल्या चार काठ्या

गोल्फच्या सेटाची वाटणी झालेली तुम्ही कधी ऐकली न्हाय. आमच्यात झाली. भावाभावांत रान वाटतात तशी, माळावर, चार माणसं उभी करून.

सेट दोघांचा हुता, माझा आणि माझ्या दोस्ताचा, हंबीररावचा. माझी शिरोली एमआयडीसीत लोखंड ओतायची फौंड्री, त्याचं पेठ वडगावला खताचं दुकान. चौऱ्याण्णव साली माझी बायको बसम्मा गेली. पोरगा शिवकुमार नोकरीला पुण्यात. फौंड्रीतनं घरी आलं की मीच कुलूप उघडायचं आणि मीच आत जायचं. त्याच साली एका गिऱ्हाइकानं मला गोल्फ दाखवला आणि माझ्या डोक्यात ते भूत बसलं. हंबीरराव म्हणाला, "चल, मी बी येतो." दोघांनी मिळून एकच सेट घेतला. लोखंडी तोंडाच्या आठ काठ्या, त्यांना आयर्न म्हणतात. तीनपासून नऊपर्यंत नंबर, आणि वर एक वेज, अगदी जवळच्या फटक्याला. लांब मारायचं तर लहान नंबर, जवळ मारायचं तर मोठा. एवढं कळलं तरी बास.

पाच वर्षं झकास चाललं. मग एकदा दोघांचे बॉल शेजारी शेजारी पडले. दोघांनाबी सातचीच काठी पायजे. त्यानं आधी उचलली आणि बॉल सोडून दगडावर हाणली. तोंडाचा टवका उडाला. मी फौंड्रीवाला माणूस, मला ते बघवलं न्हाय. मी बोललो. तो माझ्या दुप्पट बोलला.

"तुझ्या काठ्या तुला लखलाभ! वाटणी कर!"

"करतो की! भितो व्हय तुला?"

मैदान सांभाळणारा जोतीराम, मिल्ट्रीतनं रिटायर झालेला माणूस, त्यालाच आम्ही पंच केला. त्यानं काठ्या गवतावर ओळीनं मांडल्या. एक मला, एक त्याला. तीन, पाच, सात, नऊ माझ्याकडं. चार, सहा, आठ आणि वेज त्याच्याकडं. दोघांतला एक जरी हसला असता तरी मिटलं असतं. पण चार माणसांत आधी कोण हसणार?

त्यानंतर हंबीरराव मैदानावर आला न्हाय. मी जात राहिलो. सहाचं अंतर आलं की सात जोरात मारायची, न्हायतर पाच हळू. अर्ध्या सेटावर खेळ सुधारला माझा. एकटा माणूस सुधारतोच, दुसरं करणार काय? चांगला बॉल बसला की मागं वळून बघायचो. मागं माळ.

दोन हजार चार साली जोतीरामानं पुण्यातनं नवा सेट मागवला आणि माझ्यापुढं ठेवला. "अण्णा, मारून तर बघा." मी सहाची काठी घेतली. बॉल असा सुटला की मीच बघत राहिलो. हाताला झिणझिण्या न्हायत, काय न्हाय.

"घ्या की. हात बसलाय तुमचा आता. ह्या चार काठ्यांवर अजून किती दिवस काढणार?"

"सोमवारी सांगतो," म्हटलं.

पैशाचा प्रश्न न्हवता. खरं सांगायचं तर चार काठ्या माझ्याकडं हुत्या तवर चार हंबीररावकडं हुत्या. कवातरी तो त्याच्या चार घेऊन येईल आणि सेट पुरा होईल, असं मनात धरून बसलो हुतो. नवा सेट घेतला की त्याची वाट बघायला कारणच उरत न्हाय. दोन रात्री झोप लागली न्हाय मला.

शेवटी निमित्त काढलं. वाटणीतलं रान विकायचं तर आधी भाऊबंदाला विचारायचं, ही आमच्याकडची रीत. काठ्या तरी काय, वाटणीतल्याच. रविवारी माझ्या चार काठ्या गाडीत टाकल्या आणि वडगाव गाठलं.

दार त्याच्या बायकोनं, तानावहिनींनी उघडलं. "अगं बया, अण्णा! वाट चुकलासा व्हय?" हंबीरराव कॉटवर बसून गुडघ्याला तेल लावत हुता. केस पार पिकलेले. मला बघून म्हणाला, "आलास व्हय? बस." काल संध्याकाळीच भेटल्यासारखा.

मी सगळं सांगितलं. नवा सेट, जोतीराम, आणि जुन्या काठ्या विकायच्या का ते. त्यानं वहिनींना हाक मारली. त्यांनी आतनं त्याच्या चार काठ्या आणल्या, जुन्या धोतरात गुंडाळलेल्या. गंजाचा ठिपका न्हाय.

"घेऊन जा," तो म्हणाला. "सेट पुरा कर तुझा."

"मला काठ्या नकोत. तू चल. नवा सेट घेत न्हाय मी. ह्याच आठांवर खेळू."

"गुडघं गेलं रं माझं. जिना उतरताना देव आठवतो." मग तेलाची वाटी बाजूला सारत म्हणाला, "आणि खरं सांगू का? मला तो खेळ कधी आवडलाच न्हाय."

माझं डोकंच फिरलं. "आवडला न्हाय? मग पाच वर्षं माळावर ऊन खायला येत हुतास व्हय?"

"बसम्मावहिनी गेल्यावर तू कसा झालतास, ते तुला दिसत न्हवतं. मला दिसत हुतं. म्हटलं, ह्याच्यासंगं कुणी गेलं न्हाय तर हा एकटा पडायचा."

"मग पडलोच की लेका! नंतरची पाच वर्षं एकटाच फिरलो तिथं!"

"मग यायचंस की इकडं."

"तू यायचंस!"

"तुझ्या जोडीच्या काठ्या माझ्याकडं हाईत म्हटल्यावर कवातरी येशील, असं वाटायचं मला. म्हणून तर पुसून ठेवायचो."

वहिनी चहा ठेवून गेल्या. मी गाडीतनं माझ्या चार काठ्या आणल्या आणि त्याच्या चारांत नंबरानं लावून ठेवल्या.

"नवा घे तू," हंबीरराव म्हणाला. "हात बसलाय तर घे. ह्या आठ राहू देत हितं. आणि खेळून झालं की येत जा, कुठला बॉल कसा मारलास ते सांगायला."

"तुला आवडत न्हाय की ते."

"न्हायच आवडत," तो म्हणाला. "तरी ये."